छत्रीखालचं घरटं

किनवटजवळ, वैशाख १९८६

प्रिय गुरुलिंग,

प्रिय लिहिताना हात अडखळला. पण शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवते ना, मायना चुकवून कसं चालेल! तुझ्या नव्या जिल्ह्याच्या खबरा इथवर येतात. लातुरात स्टुडिओवर मोठी पाटी लागली, प्रदर्शनात तुझा बाणपाखराचा फोटो पहिला आला, साहेबलोक हात मिळवून गेले. बरं झालं बाबा. इथं पावसानं यंदाही दगा दिला. टँकर आला तर आला, नाहीतर बाया नाल्यातल्या झऱ्यावर घागरी घेऊन बसून राहतात.

फोटोत त्या नर पाखराची बाणासारखी पांढरी लांब शेपटी, काळंभोर डोकं, डोळ्याभोवतीचं निळं कडं, सगळं लख्ख आलंय म्हणे. येणारच. घरट्यापुढची फांदी सुतळीनं बाजूला बांधायची आणि फोटो झाला की सोडायची, हे तूच मला शिकवलंस. गेल्या वैशाखात दोन दिवस तसं केलंसही. मग उजेड कमी पडतो म्हणालास आणि कोयत्यानं फांदीच उतरवलीस. दुष्काळात त्या झाडाला पानं होतीच किती रे! मी ओरडले, तर म्हणालास, पंचफुला, एवढा फोटो प्रदर्शनात लागू दे, मग आईशी आपल्या लग्नाचं बोलतो. आणि लगेच एसटी धरलीस.

मी उन्हात उभी राहिले, घरट्यावर छत्री धरून. पिल्लं चोची वासून होती. छत्री उघडी असली की आईबाप जवळ येईनात, मिटली की ऊन पोळायचं. उघडायची, मिटायची, दुसरं काय करणार? संध्याकाळपर्यंत दोन्ही पिल्लांनी मान टाकली. नर मात्र चोचीत किडा घेऊन येतच राहिला. त्या दिवशी मी लई रडले. आणि तरीही वर्षभर तुझ्या आईच्या होकाराची वाट बघितली. आमचं बौद्धाचं घर, तुमचं लिंगायत व्यापाऱ्याचं, तुला बोलायला अवघड जात असेल, असं मीच मनाला समजावत राहिले. मेली कसली ती आशा!

परवा तुझं पत्र आलं. मुंबईच्या मासिकाला आता घरट्यावरच्या जोडीचा फोटो पाहिजे म्हणे. मी जागा हेरून ठेवायची, फांद्याही आधीच साफ करून ठेवायच्या! आणि आईचं काय, तर बोलायला सवड मिळाली नाही. वा रे वा! तर ऐक. जोडी आली आहे. घरटं झालंय, नर आणि मादी पाळीपाळीनं अंडी उबवतात. कुठं, ते मी सांगणार नाही. गावात विचारलंस तर तिथंही कुणी सांगणार नाही, मी सगळ्यांना बजावलंय. आईशी बोलायची तसदीही आता घेऊ नकोस, ती हो म्हणाली तरी मी येणार नाही. एवढंच कळवायला हे पत्र. यंदाही झाडावर पानं कमीच आहेत, पण आहेत ती कुणी तोडलेली नाहीत.

एकेकाळची तुझीच,
पंचफुला