टांग आणि धोंडा

९ नोव्हेंबर

पुन्हा हरले! तीन डाव, तिन्ही सपाट. माझा दोन्गोरो — चांगला चारशे किलोचा दगडी राक्षस — आणि समोर त्याचं ते कुसापी, पालेभाजीच्या जुडीएवढं. त्या जुडीनं टांग मारली आणि माझा पहाड आडवा!

पण खेळला. हायाते माझ्याशी खेळला. दुसरा हिवाळा आला, पोरगं खोलीबाहेर येत नाही. ताट दाराशी ठेवायचं, रिकामं उचलायचं, एवढंच आमचं बोलणं. गेल्या आठवड्यात ताटाखाली चिठ्ठी सरकवली, "मीपण तो राक्षसांचा खेळ घेतलाय. हा माझा खेळातला नंबर. तुझा दे." सकाळी रिकाम्या वाडग्याखाली नंबर होता. बाकी एक अक्षर नाही. मी तो वाडगा धुवायचंच विसरले.

जिन्यावर, त्याच्या दाराला पाठ लावून खेळते. आतून आवाज येत नाही. कानात इअरफोनची बोंडं घालून खेळत असणार.

११ नोव्हेंबर

लोणच्याच्या कारखान्यात तोकिएबाईंना विचारलं. अडुसष्टाव्या वर्षी ही बाई याच खेळात नातवंडांना हरवून रडवते. पोट धरून हसली.

"अगं हिसाए, टांग म्हणजे काय ते तरी वाच! समोरचा जितका जड, तितका जास्त आपटतो. तू चारशे किलोचा धोंडा उभा करतेस आणि वर विचारतेस का पडला?"

मला वाटलं होतं, जड म्हणजे भक्कम. दिवसभर सलगमाच्या पिंपांवर धोंडे चढवणाऱ्या बाईला दुसरं काय वाटणार!

"बदल तो," म्हणाली. नाही बदलणार. मला आवडतो. पडल्यावर ओशाळून डोकं खाजवतो बिचारा.

१४ नोव्हेंबर

दाराशी तोंड नेऊन म्हटलं, "उद्या टांग नको हं मारू, राजा."

१५ नोव्हेंबर

पहिल्याच फटक्यात टांग! हट्टी मेला. अगदी बापावर गेलाय.

१७ नोव्हेंबर

रविवार. फुकुओकाहून यांचा फोन. कंपनीनं तिकडे एकट्याला धाडलंय, त्याला आता तीन वर्षं होतील.

"जेवला का तो?"

"जेवला."

"बरं. थंडी आहे का?"

"आहे."

झालं! हायातेनं कॉलेज सोडलं तेव्हा यांनी तिकडून येऊन त्याच्या दारावर मुठी आपटल्या होत्या. "माझ्या घरात असले लोळत पडणारे नकोत" — सगळ्या गल्लीनं ऐकलं. मग मला, "तुझ्या लाडानं झालं." मीही काय काय बोलले. तेव्हापासून आमच्यात जेवण आणि थंडी एवढंच शिल्लक आहे.

खेळाचं सांगितलं नाही. माझं एवढंसं सुख, त्यातही चुका काढतील.

२४ नोव्हेंबर



या खेळात मनाचं काही लिहिता येत नाही, चार-सहा तयार वाक्यं असतात, तीच पाठवायची. "शाब्बास", "पुन्हा?", "जरा थांब", "माफ कर". आज त्यानं टांग मारली, दोन्गोरो पडला, आणि नंतर पडद्यावर उमटलं — माफ कर.

डाव संपला होता. मग परत आलं. माफ कर.

जिन्यातच रडले. पदर नाही, टॉवेल नाही, बाहीलाच नाक पुसलं. मीपण पाठवलं. माफ कर. मग — "पुन्हा?"

अरे, पुन्हा काय, जन्मभर खेळेन!

१ डिसेंबर

यांचा फोन. आवाज चक्क हसरा. "अगं, हल्ली मन जरा हलकं वाटतं."

इथे मी एकटी सगळं ओढतेय, आणि साहेबांचं मन हलकं! "छान," म्हटलं आणि ठेवला.

५ डिसेंबर

पिंपांना पाणी सुटलं. मालक नेहमीसारखे ओरडत आले, "पाणी वर आलं की अर्धे धोंडे उतरवा! किती वर्षं सांगतोय! दाब तसाच ठेवला तर सलगम चामड्यासारखं होतं."

उतरवले. घरी आल्यावर दाराशी काही बोलले नाही. "जरा खिडकी उघड", "केस काप", "बाबांना एकदा फोन कर" — रोज काहीतरी एक चढवतेच की मी त्याच्यावर. आज नुसतं ताट ठेवलं. वाईट वाटलं. पण ठेवलं आणि खाली आले.

१० डिसेंबर

तोकिएबाईंनी त्यांच्या खेळातून मला एक पीस पाठवलं. राक्षसाच्या गळ्यात बांधलं की त्याचं वजन निम्मं होतं. "धोंडा सोडवत नाही ना तुला? मग त्याला हलका तरी कर!"

बांधलं. टांग बसली. दोन्गोरो डगमगला, डोकं खाजवलं — आणि उभाच! मग मी धाडकन अंग टाकलं त्या जुडीवर. जिंकले!! पहिल्यांदा!

"शाब्बास", तिकडून. "शाब्बास". "शाब्बास". थांबेचना.

आज ताटात चिकट भाताचे दोन गोळे जास्त ठेवले. दोन्ही संपले.

२३ डिसेंबर

रोज रात्री आठला खेळतो. कालपासून ताटं धुऊन बाहेर येतात. खोलीत त्याचं छोटं बेसिन आहे, पण आजवर कधी — जाऊ दे, दृष्ट लागेल.

२७ डिसेंबर

हे नववर्षाला येणार. मला धडकीच भरलीय. मागच्या नववर्षी आल्या आल्या दाराशी जाऊन भाषण ठोकलं होतं, आणि पोरानं दोन दिवस ताटाला हात लावला नाही. आत्ता कुठे कोंब फुटतोय. एक मोठा आवाज झाला की सगळं परत मातीत.

धीर करून फोन केला. "यंदा नाही आलात तर?"

म्हणाले, "तुला नकोसा झालोय, ते कळतंय मला. पण येतो. माझंही तिथं एक काम आहे."

काम! सणाला!

३० डिसेंबर

आले. वाळले आहेत. केस किती पांढरे! माशाच्या तिखट अंड्यांचा डबा आणला. "त्याला आवडतं," म्हणाले. जिन्याखाली उभे राहून वर बघत राहिले. मी भाजी चिरता चिरता सुरी धरून तयारच — एक शब्द बोलू देत! पण त्यांनी खाली बघून मोजे काढले.

आठला खेळायला जमलंच नाही. हे सारखे समोर. तेही सारखे घड्याळाकडे बघत होते. कंटाळले असतील आमच्या घराला.

३१ डिसेंबर

वर्ष सरताना खायच्या सोबा शेवया उकळत ठेवल्या. हे "अंघोळीला जातो" म्हणून गेले, बॅग घेऊन. आठ वाजले होते. मी ओट्याच्या आडोशाला बसले, चोरासारखी, आणि डाव लावला.

न्हाणीतून माझ्या खेळाचंच संगीत वाजलं.

न्हाणीचं दार उघडलं. हे उभे, कपडे तसेच, हातात खेळ. पडद्यावर कुसापी. माझ्या हातात दोन्गोरो.

"नंबर हायातेनं दिला," म्हणाले. "मी त्याला मेसेज केला होता, 'तुझ्याशी खेळायचंय' म्हणून. मला वाटलं नंबर त्याचाच... ते माफ कर मी त्याला—"

"मला आलं ते," म्हटलं. "दोनदा."

आणि वर जिन्याच्या टोकाला दार सताड उघडं होतं, आणि हायाते हसत होता. पोट धरून, मोठ्यानं.