पूजेतला पाना

एडिनबरा, शुक्रवार सकाळ

प्रिय मधू,

फोन टाकून पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला अडवतेस आणि चौथं माझ्या वतीने स्वतःच बोलून टाकतेस. कॉलेजपासूनची खोड आहे तुझी, आणि एरवी मला ती आवडते. आज मात्र मला शेवटपर्यंत बोलायचं आहे. पोस्टात हे फर्स्ट क्लासनं टाकते, म्हणजे उद्या मेडनहेडला तुझ्या हातात पडेल. चहा घेऊन बस आणि मधलं काही गाळू नकोस.

तुझ्या राजची काळजी करू नकोस असं मी लिहिणार नाही. कर. परवा संध्याकाळी तो माझ्याकडे जेवायला आला होता. वरणभात केला होता, वर तू पाठवलेलं लिंबाचं लोणचं. एरवी कुकर तळापासून खरवडणारा मुलगा, पण एकदा वाढलेलं कसंबसं संपवून ताट धुऊन ठेवलं त्याने. केटीला भेटून आला होता. तिच्या कॉलरबोनला प्लेट घातली आहे, हात गळ्यात आहे, आणि हे वर्षभर ती खेळणार नाही हे आता नक्की झालं. इन्व्हर्नेसहून पहिल्या वर्षाला आलेली अठरा वर्षांची पोर, क्लबात येऊन दोन आठवडे झाले होते. तीच राजला धीर देत होती म्हणे. त्याने तो जास्तच खचला.

त्या संध्याकाळचा व्हिडिओ तू दहा वेळा पाहिला आहेस. मी तिथे होते. सीझन सुरू व्हायच्या आधी युनिव्हर्सिटीचा बास्केटबॉल क्लब दर वर्षी नव्या-जुन्या खेळाडूंची ओळख करून देतो, गावातले लोकही येतात, तीनेकशे माणसं सहज होती. मॅच अशी नव्हतीच, नुसती मजा. मुलं एकेक करून उड्या मारत होती, लोक ओरडत होते. राजने उडी घेतली, चेंडू रिंगमधून खाली घातला आणि दोन्ही हातांनी रिंगला लटकला. लटकून राहिला दीड-दोन सेकंद, तसे सगळेच राहतात. मग बोर्ड एका बाजूने सुटला, कलंडला, आणि खाली चेंडू उचलायला वाकलेल्या केटीच्या खांद्यावर त्याची कड बसली. राज स्वतः पाठीवर पडला आणि तसाच उठून तिच्याकडे धावला. हे व्हिडिओत दिसत नाही, कारण तोवर घेणाऱ्याचा फोन खाली गेला होता.

त्यानंतर क्लबच्या पानावर जो वाद पेटला तो तूही वाचत होतीस, मीही. तू हिशेबात पक्की, म्हणून तुझं लक्ष सेकंदांवर. कुणी म्हणालं तो तीन सेकंद लटकला, कुणी व्हिडिओ हळू करून पावणेदोन सिद्ध केले. कुणी राजचं वजन विचारलं. एक जुना खेळाडू सांगत होता की हे स्टँड त्याच्या काळापासूनचं आहे आणि तेव्हाही कुरकुरायचं. दुसऱ्याने कंपनीचा दोष काढला, तिसऱ्याने युनिव्हर्सिटीचा. चौथा डंडीहून लिहीत होता, त्याने ही जिम जन्मात पाहिली नसावी, पण ही पोरं खेळायला येत नाहीत, दाखवायला येतात, असं त्याचं ठाम मत. ‘ही पोरं’ म्हणजे कोण, ते त्याने लिहिलं नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांना फावल्या वेळचा उद्योग. एवढ्या सगळ्यांत एकाच माणसाने, नावाच्या जागी नुसता कुत्र्याचा फोटो असलेल्या, साधा प्रश्न विचारला होता: बोल्ट कुणी बघितले होते का? त्याच्याखाली दोन तासांत क्लबचं उत्तर आलं, स्टँडची तपासणी त्याच दुपारी नियमाप्रमाणे झाली होती, सहीचा कागद उपलब्ध आहे. तिथे वाद मिटला. स्टँड ठीक होतं, म्हणजे मुलाचंच चुकलं. येत्या सोमवारच्या, क्लबच्या समितीच्या मीटिंगचं पत्र राजला दुसऱ्याच दिवशी मिळालं. क्लबमधून काढतील असं सगळे गृहीत धरून आहेत, आणि कॅप्टनपदासाठी त्याचं नाव होतं हे तर आता कुणी बोलतसुद्धा नाही.

ती सही माझी. हे तुला माहीत आहे. माझी निधी इथे खेळायची तेव्हापासून दर सप्टेंबर-ऑक्टोबरात ते स्टँड मी तपासते. हॉस्पिटलात रोज ऑपरेशनची टेबलं आणि व्हेंटिलेटर दुरुस्त करणाऱ्या बाईला बास्केटबॉलचं स्टँड म्हणजे खेळणं. उन्हाळ्यात ते खोलून ठेवतात, परत जोडल्यावर बोर्डाचे चार मोठे बोल्ट ठरलेल्या जोराने आवळायचे असतात. त्यासाठी माझा लांब दांड्याचा पाना आहे, हवा तेवढा ताण आला की टक् असा वाजणारा. अण्णांनी दिलेला. तू पाहिला आहेस, हॉस्टेलच्या खोलीत मी तो पलंगाखाली ठेवायचे आणि तू म्हणायचीस की इतर मुली दागिने लपवतात.

अण्णांवरून आठवलं. त्यांच्या भोसरीच्या शेडमधली खंडेनवमी तुला आठवते? तिसऱ्या वर्षाला तू आली होतीस. लेथ धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून, समोर पाटावर सगळे पाने, छिन्न्या, मायक्रोमीटर मांडलेले. प्रत्येकाला कुंकवाचं बोट. तू गंमत म्हणून एक स्क्रू ड्रायव्हर उचललास तर अण्णांनी तुझ्या हातातून काढून जागेवर ठेवला. पूजेला बसलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, वर्षभर राबतं ते, एक दिवस त्याचा. दसऱ्याला सोनं वाटून झालं की मग हात लावायचा. मी देवधर्मातलं फारसं काही पाळत नाही हे तू जाणतेस. उपास मला जमत नाहीत, आरत्या निम्म्या येतात. पण ही एक गोष्ट मी सव्वीस वर्षं इथे पाळली. इथे झेंडू मिळतोच असं नाही, मग दुकानातली शेवंती आणते. हॉस्पिटलात त्या दिवशी रजा टाकते.

यंदा नवमी बुधवारी होती, मधू. क्लबचा कार्यक्रमही त्याच बुधवारी.

कोजागिरीला तुझा फोन आला तेव्हा तू रडत होतीस. मला म्हणालीस, आसा, तू तपासलं होतंस म्हणजे प्रश्नच मिटला, आमच्याच पोराचं चुकलं, आता निदान तू त्याच्या पाठीशी उभी राहा. वर माझे आभार मानलेस. मी ते घेतले. हो गं, बघते मी त्याच्याकडे, असं म्हणाले आणि फोन ठेवून आटवायला ठेवलेलं दूध गॅस बंद करून सिंकमध्ये ओतलं. परवा राजने तेच म्हटलं. त्याच्या मराठीत, तुला तर ठाऊकच आहे कसं: “मावशी, तुझा चेकिंग झाला होता ना, so it has to be me. माझाच चूक आहे.” केटीच्या आईवडिलांना आणि समितीला द्यायला त्याने माफीपत्र लिहून आणलं होतं. बोल्टबिल्टचं नीट लिहिलंय का एवढं बघ, म्हणाला. मी चष्मा लावून वाचलं. स्टँड पूर्ण सुरक्षित होतं, ते माझ्या बेजबाबदार वागण्याने कोसळलं, असं त्यात एक वाक्य आहे. ते मी वाचलं आणि त्याच्या पुढच्या ओळीतला एक स्वल्पविराम दुरुस्त केला. याची मला किती लाज वाटते ते मला लिहिता येत नाही.

तो गेल्यावर मला खंडेनवमीची दुसरी गोष्ट आठवली. तू आलीस त्याच्या पुढच्या वर्षीची, म्हणून तुला माहीत नाही. शेजारच्या शेडमधल्या कमलाकरचा हात यंत्र धुताना प्रेसमध्ये अडकला. आरडाओरडा ऐकून अण्णा उठले. पाटावरचा पाना त्यांनी फुलांसकट उचलला, माळ तुटली, समईला धक्का लागून तेल सांडलं, आणि ते धावत गेले. दहा मिनिटांत प्रेस खोलून कमलाकरची बोटं वाचवली. परत येऊन त्यांनी पाना पुसला आणि पुन्हा पाटावर ठेवला. आई काहीतरी पुटपुटली तर म्हणाले, देवाला कळतं. मी बघत होते. इतकी वर्षं मी त्यांचा नियम तेवढा लक्षात ठेवला आणि हे विसरले.

आता सांगते. त्या बुधवारी दुपारी पाना घरी देवापुढे होता, कुंकू लावलेला. मी रिकाम्या हातांनी जिमला गेले आणि चारही बोल्ट हाताने, जेवढे फिरले तेवढे, आवळले. केअरटेकरकडे पाना मागता आला असता. पण त्याला काय सांगायचं, माझा पाना आज पूजेला बसला आहे? हसेल तो, असं वाटलं. मनात म्हटलं, आज नुसती ओळख आहे, उद्या दसरा झाला की परवा सकाळी येऊन नीट आवळू. आणि कागदावर चारही चौकटींत खुणा करून सही केली. बोर्ड पडला त्यानंतर लोक केटीभोवती होते, तेव्हा माझ्या पायाशी दोन बोल्ट पडले होते. मी उचलून पाहिले. तू सॉफ्टवेअरमध्ये गेलीस तरी एवढं विसरली नसशील: ओढून निघालेल्या बोल्टचे आटे खरवडलेले असतात. यांचे आटे नव्यासारखे होते. ते सैलच होते, फिरत फिरत सुटले. राज दोन सेकंद लटकला काय नि पाच, घट्ट आवळलेल्या स्टँडला काही झालं नसतं. हे मला त्या क्षणी कळलं आणि गेले नऊ दिवस मी गप्प बसले. क्लबच्या सेक्रेटरीने विचारलं तेव्हाही तपासणी झाली म्हणाले. सवयीला चूक म्हणून माफी असेल, या गप्प बसण्याला नाही.

समितीला आज सकाळी सगळं लिहून पाठवलं आहे, दोन्ही बोल्टही नेऊन दिले. ते इतके दिवस माझ्या पर्समध्ये होते. केटीच्या आईवडिलांना मी स्वतः भेटणार आहे. चारला राज येतोय, त्याला समोर बसवून सांगेन आणि त्याचं माफीपत्र त्याला परत देईन, त्यातली प्रत्येक ओळ मी लिहायला हवी होती. हे पत्र अशासाठी की रविवारच्या गाडीने तू येते आहेस आणि माझ्याकडे उतरणार आहेस. सोमवारी मीटिंगला तू माझा हात धरून आत जाशील, काही माहीत नसताना, हे मला सहन झालं नसतं. उतरायचं की नाही ते आता तू ठरव. खोली आवरून ठेवली आहे, अंथरूण घातलं आहे. माझ्याकडे नाही आलीस तरी स्टेशनवर मी उभी असेन, लांबूनच, तू दिसलीस की परत जाईन. पाना अजून देवापुढेच आहे. दसरा होऊन आठ दिवस झाले, त्यावरचं कुंकू पुसायला माझा हात धजत नाही.

अजून म्हणू दिलंस तर तुझीच,
आसावरी