हिरड्यांखालची बत्तीशी

ताई, तुला कागदावरच साष्टांग नमस्कार (गुडघा धरल्यामुळे प्रत्यक्षात जमला नसता). तुझी मानदुखी कशी आहे? भावोजींच्या दातांची चौकशी करत नाही. ते दुसरीकडे जातात हे मला कळलं आहे.

पत्रास कारण ग्रंथालयात काम करणारी ती मुलगी, जी दर महिन्याला तुझ्या पार्लरमध्ये हात, पाठ, चेहरा वॅक्स करून घेते. दोन महिन्यांपूर्वी ती माझ्या खुर्चीत बसली. वय चोवीस, आणि तोंडात नुसत्या हिरड्या, जाडजूड आणि घट्ट, मधून दोन सुळ्यांची टोकं तेवढी डोकावणारी. बाकीचे दात आलेच नाहीत, असं जाहीर करून मी मापं घेतली आणि कवळी करायला टाकली. (एक्स-रे का काढला नाहीस, असं विचारशील. मशीन दुरुस्तीला गेलं होतं आणि मला आत्मविश्वास होता. या दोन गोष्टी एकाच दवाखान्यात असू नयेत.)

कवळी बसवायच्या दिवशी ती आली तेव्हा तू पार्लर बंद करून महिनाभर लेकीकडे गेली होतीस. रक्तदाब मोजायला तिची बाही वर सारली, तर दंडापासून मनगटापर्यंत दाट काळे केस. मग नीट पाहिलं: कपाळ, कानशिलं, मान, सगळीकडे तेच. अंगभर केस आणि वाढलेल्या हिरड्या, दोन्ही मिळून जन्मजात येणारा एक दोष असतो (कॉलेजात याच प्रश्नाला मी गटांगळी खाल्ली होती). फिटच्या काही गोळ्यांनीही असं होतं, पण ती कसल्याच गोळ्या घेत नाही, आणि तिचे वडील म्हणे जन्मभर मिशीआडूनच हसले. एव्हाना मशीन परत आलं होतं. एक्स-रे काढला, तर हिरड्यांच्या आत सगळे दात ओळीने उभे. माणसं घरात असताना बाहेरून कुलूप लावावं, तशी मी त्यांच्यावर कवळी बसवायला निघालो होतो.

दोष थोडा तुझाही आहे. पुरावा दर महिन्याला तू इतका सफाईने उपटून टाकत होतीस की माझ्यासारख्याला संशय यावा कसा?

तिला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे मला दात आहेत?" तीनदा विचारलं, आणि तोंडावर हात धरून रडली. मला लाज वाटली, ताई. वाढलेली हिरडी चार बैठकांत कापून काढता येते. काही वर्षांनी पुन्हा वाढू शकते, तेही सांगितलं. पण ती अजून हो म्हणत नाही. सुरीला घाबरते, आणि तयार कवळी समोर टेबलावरच आहे.

बाकी सर्व क्षेम. भावोजींना नमस्कार, त्यांच्या दुसऱ्या डॉक्टरांनाही.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. शेवटी ती एका अटीवर तयार झाली आहे: तू शेजारी बसून हात धरायचा. तिला दुखतं कुठे आणि किती, हे फक्त तुलाच कळतं म्हणे. तू आली नाहीस तर ती कवळीच घेऊन जाणार. शुक्रवारी सकाळी दहाला ये.

ता. क. २. माझ्या दवाखान्याची पायरी चढणार नाही, असं तू अकरा वर्षांपूर्वी ठणकावलं होतंस, ते लक्षात आहे. भावोजींच्या दोन्ही दाढा किडल्या होत्या, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. डावी किडली होती. मी उजवी काढली. हे पत्र भावोजींना दाखवलंस तरी चालेल, पण ये.