सतरा नंबरची स्लाइड

उचगाव,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. विजयसिंह यास,
आक्काचा आशीर्वाद. नको असला तरी घे, दिलेला परत घेत नाही मी.

इकडं सगळं ठीक. बयाबाई आत्तीचा गुडघा धरलाय, तरी मुरगूडहून येऊन गेली. "इज्या मोठा सायेब झाला व्हय गं?" म्हणून विचारत होती. झाला की, म्हटलं, लई मोठा. सख्ख्या बहिणीला ईमेल करतो नि वर 'आदरणीय मॅडम' लिहितो.

वाचला तुझा ईमेल. माणसाच्या स्वादुपिंडात इन्सुलिन करणाऱ्या काही पेशींत गुणसूत्रं दुप्पट असतात, म्हणून त्यांचं केंद्रक मोठं दिसतं, असं मला समजावलंस. उपकार झाले बाबा! अठरा वर्षांपूर्वी कॉलेजच्या लॅबमध्ये तुझं डोकं धरून मायक्रोस्कोपला कुणी लावलं होतं? मीच की. "इज्या, ह्या तपकिरी रंगवलेल्या इन्सुलिनच्या पेशी बघ. ही एक शेजारणीपेक्षा किती थोराड हाय!" मी स्लाइडींसाठी पातळ काप, म्हणजे सेक्शन, कापणारी; तू पीएच.डी.वाला. तू नीट न बघताच म्हणालास, "आक्का, तुझा सेक्शन जाड आलाय. एकावर एक दोन केंद्रकं दिसायलीत." अरे शहाण्या, दोन असती तर फोकस खालीवर केल्यावर दोन कडा दिसल्या असत्या. एकच कडा होती. बटण फिरवायला डॉक्टरेट लागत नाही, दोन बोटं लागतात.

तेवढ्यावर थांबला असतास तर गिळलं असतं मी. पण तू प्रबंधात छापलंस की मोठी केंद्रकं मोजणीतून वगळली, कारण ते ऊतक खुद्द तंत्रज्ञाच्याच वडिलांचं होतं आणि कापताना तिचा हात स्थिर नव्हता. लॅबच्या साहेबांनी ते वाचलं नि मला कापायच्या मशीनवरून उठवलं. निवृत्त होईतो लघवीच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या मी. अकरा वर्षं.

आणि वडील माझे एकटीचे होते का रे? तुझे कोण लागत होते?

आबांनी देह कॉलेजला दिला म्हणून भावकी खवळलेली. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला रक्षाच नाही! पावणं अंगणात चहा पिऊन, तोंडं वाकडी करून गेले. तू दिल्लीला कुठल्याशा परिषदेत भाषण देत होतास. चौथ्या दिवशी उगवलास, ते बॅगेत हार घेऊन. आणि मी त्या तिसऱ्या सकाळी कुठं होते ठाऊक आहे? आबांच्या स्वादुपिंडाचा मेणातला तुकडा मशीनला लावून उभी होते.

आता एक ऐक. माझा हात कापत होता. पहिल्या तीन रिबिनी, म्हणजे सेक्शनच्या सलग पट्ट्या, टाकून दिल्या, एकीतही धड सेक्शन आला नाही. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण तू लगेच म्हणाला असतास, "बघ, मी म्हणत नव्हतो?" मग मी स्टुलावर बसून पोटभर रडले. तोंड धुतलं, मशीनला नवं पातं लावलं आणि चौथी रिबीन कापली. जाडी पाच मायक्रॉन, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. सतरा नंबरची स्लाइड त्यातली. तीच तू नासकी ठरवलीस, आणि आज 'कुठं सापडते का बघा' म्हणून तीच मागतोयस. लाज कशी वाटत नाही रे?

स्लाइडींची पेटी कॉलेजनं टाकून दिली असं मी तुला सांगत आले. खोटं सांगत आले. ती माझ्या कपाटात आहे, आबांच्या फेट्याखाली. कुरियरनं येणार नाही. तू ये, येताना मायक्रोस्कोप आण. आत्तीला बोलावून घेते. तिच्यासमोर फोकसचं बटण फिरवायचं आणि कडा किती दिसतात ते मोठ्यानं सांगायचं. मग पेटी खुशाल ने. तुझ्या नव्या लेखात माझं नाव नको. "सेक्शन जाड नव्हता," एवढं लिही.

तुझ्याही वाटचं त्या दिवशी रडून घेतलेली,
तुझी आक्का