लाल स्टिकर कुणाकुणाला

२ फेब्रुवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. निरीक्षण नोंदवलं नाही तर ते निरीक्षण नसतं, नुसतं मत असतं. हे मी लॅबमध्ये रोज सांगते. ऐकणारे दोघे आहेत. त्यांतला एक इयरफोन घालून असतो.

सकाळी आईचा फोन. नव्या शहरात कुणाशी ओळख झाली का, हाच प्रश्न. भरपूर ओळखी आहेत, असं सांगितलं. कोण कोण, असं तिने विचारलं. वॉचमन, म्हटलं. आई म्हणाली, बाई गं, वॉचमनला तर चोरसुद्धा ओळखतात.

तेवढ्यात धाकटी आतून ओरडली, की आई, हिला तो ग्रुप जॉइन करायला सांग, मी सांगून थकले. धाकटी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याच फ्लॅटमध्ये राहते आणि भांडी माझ्यावर सोडते. आईने शपथ घालायला सुरुवात केली, म्हणून हो म्हटलं. मला स्वतःला गरज नाही. नोंद असावी.

३ फेब्रुवारी
ग्रुप जॉइन केला. नाव 'बिनकामाचं'. लोक आपापले छंद, सापडलेल्या वस्तू, करमणुकीचं काहीबाही तिथे टाकतात. ग्रुप काढला एका डेंटिस्टने, तिला सगळे दाढबाई म्हणतात. एक वकीलबाई आहेत, नाव 'लाल छत्री'. त्या पाण्याच्या बाटल्यांसाठी स्वेटर विणतात. एक रिटायर्ड गृहस्थ जुने रेडिओ दुरुस्त करतात आणि रोज सकाळी त्यातली खरखर रेकॉर्ड करून पाठवतात. रेडिओकाका. त्या खरखरीला आज बारा बदाम आले.

एकाही फोटोत माप नाही. मी फक्त बघणार. लिहिणार नाही.

५ फेब्रुवारी
लिहिलं. 'मापनाचा इतिहास, भाग १'. एकूण चाळीस भागांची योजना आहे.

प्रतिसाद: एक अंगठा. धाकटीचा. आत जाऊन विचारलं, तर म्हणाली, स्क्रोल करताना चुकून दाबला गेला.

रेडिओकाकांनी लिहिलं, की माहिती छान आहे, पण तुम्हाला स्वतःला काय आवडतं? प्रश्न विषयाला सोडून होता. उत्तर दिलं नाही.

द्यायचंच असतं तर जिन्यांचं देता आलं असतं. प्रत्येक जिन्यात एक पायरी चुकलेली असते. बाकीच्यांपेक्षा किंचित उंच किंवा किंचित बसकी. डोळ्यांना कळत नाही, पाऊल लगेच ओळखतं. मी जिथे जाते तिथे ती शोधते आणि फोटो काढते. फोनमध्ये वेगळा फोल्डर आहे. पण त्याचा कुणाला काही उपयोग नाही, त्यामुळे या ग्रुपवर टाकण्यात अर्थ नाही.

११ फेब्रुवारी
लाल छत्रीने लिहिलं, की या बाटलीत लिटरभर पाणी मावतं. फोटोवरून अंदाज केला, मावणार नाही. तसं कळवलं. कुणीतरी नारळाएवढ्या शिंपल्याचा फोटो टाकला. नारळ हे एकक नाही. तेही कळवलं.

संकल्प: दिवसाला एकच दुरुस्ती.
संध्याकाळपर्यंत आणखी तीन केल्या. त्या तातडीच्या होत्या.

१६ फेब्रुवारी, रविवार
दाढबाई बाळंतपणासाठी माहेरी निघाल्या. ग्रुप कोण सांभाळेल, असं त्यांनी विचारलं. मग धाकटीने लिहिलं, ताईला वेळच वेळ आहे. कुणीही हरकत घेतली नाही. म्हणजे एकमताने निवड.

दाढबाईंनी मला वेगळं कळवलं, की फार काही करू नकोस गं, भांडणं झाली तर बघ, बाकी गाडी आपोआप चालते. त्यांचा अर्थ माझ्या लक्षात आला. त्यांना पद्धत बसवायला सवड मिळाली नव्हती.

आईला सांगितलं, मला पद मिळालं. आई म्हणाली, ते असू दे, मैत्रीण मिळाली का?

१८ फेब्रुवारी
पद्धत बसवली.

आमच्या लॅबमध्ये मोजायची उपकरणं तपासायला येतात. वजनं, थर्मामीटर, मायक्रोमीटर. बरोबर असेल त्याला हिरवा स्टिकर, चूक असेल त्याला लाल. लाल लागला की वस्तू खोलीबाहेर जात नाही. यात रागलोभ नसतो. आजवर एकाही मायक्रोमीटरने माझ्याशी अबोला धरलेला नाही. हीच पद्धत ग्रुपला लावली. पोस्ट तपासून मी खाली स्टिकर टाकणार.

नियम थोडेच आहेत. फोटोत शेजारी पट्टी हवी. वस्तू तीन बाजूंनी दिसली पाहिजे. 'साधारण', 'एवढुसं', 'भलंमोठं' हे शब्द चालणार नाहीत. एकदा दिलेला निकाल मागून बदलायचा नाही. आणि लॅबमधला सगळ्यांत मोठा नियम: स्वतःचं काम स्वतः तपासायचं नाही. त्यामुळे माझ्या पोस्ट धाकटी तपासेल. तिने भाग १ न उघडताच हिरवा दिला. तिच्या कामाच्या दर्जाची काळजी वाटते.

२० फेब्रुवारी
पहिला लाल स्टिकर लाल छत्रीला. रंगसंगती हा योगायोग. तिने हसून लोळणारे चेहरे पाठवले. लोकांना पद्धत आवडते आहे.

दुसरा धाकटीला. तिने क्लिनिकमधल्या सांगाड्याला स्वतःचा गॉगल घालून फोटो टाकला होता. बहीण म्हणून सूट नाही.

२२ फेब्रुवारी
नव्या सभासदाने बटणांच्या डब्याचा फोटो टाकला. पट्टी नाही, उजेड मागून, कोपऱ्यात अंगठा. लाल. दहा मिनिटांत आईचा फोन. तो डबा तिचा होता. अंगठासुद्धा. चिडली असेल असं वाटलं, पण ती म्हणाली, तो लाल गोल काय पाठवलास गं, किती छान आहे, मला पहिल्याच दिवशी मिळाला.

२४ फेब्रुवारी
रेडिओकाकांनी आज खरखर पाठवली नाही. एक फोटो पाठवला. लाकडी वस्तू, अळंबीसारखी, वरून गोल, खाली दांडा, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेली. त्यांनी लिहिलं होतं, की बायकोच्या कपाटात हे मिळालं. ती जाऊन वर्ष झालं. ती होती तेव्हा विचारायचं सुचलं नाही. कशाचं असेल, कुणी सांगेल का?

फोटो हललेला. वस्तू तळहातावर. पट्टी नाही. लाल. कारण लिहिलं: तळहात हे प्रमाण धरता येत नाही. वस्तू बहुधा एखाद्या व्हॉल्व्हची मूठ असावी, असंही सुचवलं.

त्यांनी उत्तर दिलं, बरोबर आहे तुमचं. समंजस सभासद असा असतो.

धाकटी स्वयंपाकघरात येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, ताई, तू माणूस आहेस की वजनकाटा? मी म्हटलं, वजनकाटा निदान खोटं बोलत नाही. ती हसली नाही. भांडी तिने घासली. हे संशयास्पद आहे.

१ मार्च
मधले चार दिवस नापासांचं प्रमाण वाढलं होतं; नवे नियम अंगवळणी पडायला वेळ लागतो. आता निकाल दिसू लागले. पोस्ट कमी, त्यामुळे चुका कमी. ज्यांना गांभीर्य नव्हतं ते गप्प झाले.

धाकटी हल्ली फोनकडे बघून फार हसते. कसलीतरी मालिका बघत असावी. विचारलं, तर म्हणाली, तुला नाही आवडायची, तिच्यात पट्टी नाही.

५ मार्च
आज एकही पोस्ट नापास करावी लागली नाही. शून्य दोष. लॅबमध्ये साहेबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, की एकूण आल्या किती? तो वेगळा मुद्दा आहे.

९ मार्च, रविवार
टेबलावर धाकटीची बाटली. तिला पिवळा स्वेटर, वर दोन कान. कुठून आला, विचारलं. कुणीतरी दिला, म्हणाली. आपल्या ग्रुपवरच्या त्या वकीलबाई असंच काहीतरी करायच्या, असं मी म्हटलं. ती म्हणाली, हो का? आणि बाटली उचलून आत गेली.

आई फोनवर खुशीत. माळ्यावरचा रेडिओ तिने स्वतः उघडून चालू केला म्हणे. कुणी शिकवलं, विचारलं, तर म्हणाली, आहेत एक जण, बरं ठेवते, गॅसवर दूध आहे. मला दुधाचा आवाज आला नाही.

१४ मार्च
'मापनाचा इतिहास, भाग २' टाकला. धाकटीने हिरवा दिला. बाकी शांतता. गंभीर लिखाण पचायला वेळ लागतो. ग्रुपवर आता इतकी शिस्त आहे, की दिवसभरात माझ्याशिवाय कुणी बोललं नाही.

मधल्या सुट्टीत रेडिओकाकांच्या जुन्या खरखरी ऐकल्या. तांत्रिक कारणासाठी. तीनदा.

१७ मार्च
धाकटी अंघोळीला गेलेली. तिचा फोन टेबलावर. मी दुसऱ्याचा फोन वाचत नाही. पण स्क्रीन आपोआप उजळला आणि नजर तिथेच होती. हात लावला नाही.

ग्रुपचं नाव: 'नापास मंडळ'. मेसेज आईचा. मोठीला सांगायचं का आता? बिचारी एकटीच तिकडे स्टिकर घेऊन बसली आहे.

धाकटी डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली. मी काही विचारायच्या आतच बोलू लागली. म्हणाली, कुणी तुझ्यावर चिडून गेलं नाही ताई, पण बोलायला भीती वाटायची गं सगळ्यांना. रेडिओकाकांना तू लाल दिलास, त्या दिवशी लाल छत्रीने नवा ग्रुप काढला. प्रवेशाची अट एकच, लाल स्टिकर मिळालेला पाहिजे. वकीलबाईंनीच लिहिली आहे अट, पळवाट नाही. काही जण आत येता यावं म्हणून मुद्दाम पट्टी न लावता फोटो टाकत होते म्हणे. त्या आठवड्यात नापासांचं प्रमाण वाढलं होतं, ते मी नोंदवलं होतं. कारण चुकीचं लिहिलं होतं.

मी विचारलं, ती लाकडी वस्तू कशाची निघाली? तिने फोन माझ्या हातात दिला. लाल छत्रीने त्याच दिवशी ओळखली होती. मोजा रफू करताना टाचेत घालायची असते. त्यावर रेडिओकाकांनी लिहिलं होतं, की मग मी माझे जुने मोजे काढून बघितले. सगळ्यांच्या टाचा रफू केलेल्या आहेत. इतकी वर्षं घालतोय, मला वाटायचं मोजे टिकाऊ आहेत.

खाली मोज्यांचा फोटो. पट्टी नव्हती. लागलीही नसती.

व्हॉल्व्हची मूठ, असं मी लिहिलं होतं.

१८ मार्च
मला आत येता येईल का, असं धाकटीला विचारलं. सहज. तिने डोकं खाजवलं. म्हणाली, अट माहीत आहे ना? सगळ्या शहरात तूच एक अशी आहेस, जिच्याकडे लाल स्टिकर नाही.

खरं आहे. माझ्या सगळ्या पोस्ट हिरव्या. मी म्हटलं, भाग १ ला आता दे लाल, तसाही तू तो वाचलेला नाहीस. ती म्हणाली, एकदा दिलेला निकाल मागून बदलायचा नाही, हा कुणाचा नियम गं? आणि फार वेळ हसली.

१९ मार्च
दिवसभर विचार केला. लॅबमध्ये एका थर्मामीटरला चुकून दोन स्टिकर लावले.

संध्याकाळी 'बिनकामाचं'वर पोस्ट टाकली. आमच्या इमारतीच्या जिन्याचा फोटो. लिहिलं, की दुसऱ्या मजल्याच्या आधीची पायरी बाकीच्यांपेक्षा बसकी आहे. किती, ते मोजलेलं नाही. माझी बहीण तिच्यावर रोज अडखळते आणि रोज चपलेला शिव्या देते. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी अशा पायऱ्या जमवते. कशासाठी, ते सांगता येणार नाही. मला आवडतं.

पट्टी लावली नाही. फोटो हलला होता. तसाच टाकला. खाली स्वतःच लाल स्टिकर लावला आणि तो पुरावा म्हणून नापास मंडळाकडे प्रवेशासाठी पाठवला.

अट पूर्ण झाली आहे. नकाराचं कारण दिसत नाही.

२० मार्च
सकाळी रेडिओकाकांचा निरोप. प्रवेश नामंजूर. कारण: स्वतःचं काम स्वतःच तपासलं, हे तुमच्याच नियमात बसत नाही. खाली त्यांनी माझाच लाल स्टिकर चिकटवला होता. तिरका.

लॅबला जायला उशीर झाला. मोजे घालून नुसती बसले होते. धाकटी आली, फोन बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला. म्हणाली, अगं वेडे, पुन्हा वाच. तुझा अर्ज नापास केला त्यांनी. म्हणजे आता तुझ्याकडे लाल स्टिकर आहे की नाही?

हे मला सुचायला हवं होतं.

आत गेले. आईने लिहिलं, आलीस का, बस. रेडिओकाकांनी लिहिलं, की ते काल आपल्या जिन्यात चढून उतरून आले. त्यांच्याकडेही आहे एक, वरून दुसरी. इतके दिवस ते गुडघ्याला दोष देत होते. मग एकेक जण दार उघडून आपापल्या जिन्यात गेला असावा, कारण दिवसभर पायऱ्यांचेच फोटो येत राहिले. सगळे हललेले.

धाकटी म्हणाली, म्हणजे इतके महिने मी पडतेय आणि तू गंमत बघतेस? मी म्हटलं, निरीक्षण करत होते. तिने मला उशी फेकून मारली.

लाल छत्रीने लिहिलं, माझ्याकडची साधारण इंचभर उंच आहे. साधारण म्हणजे किती, असं मी टाइप केलं. पुसलं. पुन्हा टाइप केलं. पाठवायच्या आत तिचाच मेसेज आला, की पट्टी घेऊन रविवारी घरी ये, चहा ठेवते.

पट्टी आत्ताच पर्समध्ये ठेवली. पर्समधले लॅबचे स्टिकर काढून घरी ठेवले, हिरवे आणि लाल दोन्ही.

मग लालमधले दोन परत घेतले. तिचा चहा कसा असतो, माहीत नाही.