गुरुवारी लिफ्ट बंद राहील

३ मार्च, सोमवार

नोकरी लागली! लिफ्टदुरुस्तीच्या कामावर मदतनीस. सात वर्षं दहा बाय आठच्या कोठडीत काढली, आता चार बाय चारच्या डब्यात. प्रगती आहे.

उस्ताद म्हणजे तिथले मुख्य मेकॅनिक. साठीचे, एका कानाने अधू. विचारलं, "आधी काय करायचास?"

"लोकांच्या घरी जायचो."

"सेल्समन?"

"ते घरी नसताना जायचो."

कळायला त्यांना दोन मिनिटं लागली. मग हसले. "हात थरथरत नाहीत ना? मग चढ वर." खरं तर त्यांना बारीक माणूस हवा होता, लिफ्टखालच्या खड्ड्यात मावेल असा. तुरुंगातल्या जेवणाचे आभार.

संध्याकाळी पोलीस ठाण्यात हजेरी. आता दर सोमवारी. साहेबांनी सही घेतली, वर पाहिलं नाही. बरंय. मीही आरशात फार वेळ बघत नाही.

५ मार्च

दादाकडे गॅलरीत झोपतो. वहिनी कपाटाला कुलूप लावते, किल्ली उशीखाली. आज आपणहून म्हणाली, "पोरगी कपाट उचकते हो, भाऊजी." पोरगी अजून रांगते. मी गंभीरपणे मान डोलावली. ते कुलूप मी जोरात शिंकलो तरी उघडेल — पण बोललो नाही. तिला झोप लागते ना, पुष्कळ झालं.

मला पकडलं तेव्हा दादा सराफाच्या दुकानात कामाला होता. तेरा वर्षांचा विश्वासू माणूस. तिसऱ्या दिवशी मालकाने घरी बसवलं — चोराचा भाऊ! तेव्हापासून मिळेल ते काम करतो. हा विषय तो कधी काढत नाही. एकदा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ मार्च

आज आम्ही हिरो! लिफ्ट सातव्या-आठव्या मजल्याच्या मधे अडकली. आत नवव्या मजल्यावरच्या बाई, निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहतात. उस्ताद वर यंत्राच्या खोलीत. मला हुकूम — त्यांच्याशी बोलत राहा, घाबरू देऊ नकोस. मी दाराला तोंड लावून बोलत सुटलो. पण घाबरलो होतो मी! बंद डबा म्हटलं की मला कोठडीच आठवते. बाईंनी आतून ओळखलं. "पाढे म्हण, बरं वाटेल." सतराच्या पाढ्यात अडकलो. आतून आवाज — "लिफ्ट सुटेपर्यंत पाठ झाला पाहिजे!"

बाहेर आल्यावर त्यांनी चहा दिला. मी कुठून सुटून आलोय ते सांगून टाकलं. वाटलं, कप खाली ठेवायला लावतील. तर म्हणाल्या, "मग माझ्या मागच्या दाराचं कुलूप बघ. अडकतं. जाणकार माणूस मिळत नाही." जाणकार! तेल घातलं, सरळ केलं. किल्ली ठेवतात बाहेरच्या कुंडीखाली. म्हटलं, बाई, चोर सगळ्यात आधी तिथेच बघतो. म्हणाल्या, "मीही तिथेच बघते. दुसरीकडे ठेवली तर माझ्या लक्षात राहत नाही."

जेवताना सगळं रंगवून सांगितलं, कुंडीसकट. दादा किती दिवसांनी हसला! वहिनीने न विचारता परत वाढलं.

१५ मार्च, शनिवार

कामावरून सुटलो तर फाटकाशी पोपट! जुना साथीदार. पोलिसांच्या पहिल्याच थपडेला घडाघडा बोलला, म्हणून हे नाव. "इतक्या इमारतींत शिरतोस. कुठे कोण एकटं राहतं एवढं नुसतं सांग, बाकी मी बघतो."

नाही म्हणालो. इतकं ठणठणीत म्हणालो की स्वतःलाच वन्स मोर द्यावासा वाटला. पोपट हसला. "बरं. दादाला नमस्कार सांग." छाती काढून घरी आलो.

१८ मार्च

परवा दोर बदलायचाय. पाटी मीच लिहिली — गुरुवारी सकाळी दहा ते चार लिफ्ट बंद राहील. अक्षर झकास आलं. जेवताना तेही सांगितलं. बाईंची औषधं उद्याच वर पोचवणार; नऊ मजले त्या कुठे उतरणार-चढणार?

२२ मार्च, शनिवार

दोन दिवस लिहिलं नाही. कोठडीत होतो.

गुरुवारी दुपारी आम्ही दोर बदलत असताना बाईंकडे चोरी झाली. बाई झोपल्या होत्या, जाग आली, आडव्या गेल्या. ढकललं त्यांना. खुब्याचं हाड मोडलं.

साहेबांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "कुलूप फोडलेलं नाही. कुंडीखालच्या किल्लीने उघडलंय. कोणाला माहीत होती ती?"

"मला, साहेब."

इतकं प्रामाणिक उत्तर मी जन्मात दिलं नव्हतं. थोबाडीत बसली.

सोडवलं उस्तादांनी. "मी दोराला लटकलो होतो, दुसरं टोक याच्या हातात. हा हलला असता तर मी इथे जबानी द्यायला आलो नसतो." बाईंनीही खाटेवरून सांगितलं — दोघं होते, तोंडं बांधलेली, पण हा नव्हता.

घरी आलो तशी वहिनी रडली. दादाने पाठीवर हात ठेवला. "तुझं काय चुकलं? उलट तूच तिला औषधं नेऊन दिलीस, त्या मागच्या जिन्याने. दोन माणसं शेजारी मावत नाहीत तिथे."

दादा त्या इमारतीत कधी आलेला नाही.

२३ मार्च

मागचे जिने सगळीकडे अरुंदच असतात. मीच कधीतरी बोललो असेन. काय बोललो नाही मी? बाई एकट्या, किल्ली कुंडीखाली, गुरुवारी लिफ्ट बंद! फाटकाशी छाती काढून नाही म्हणालो आणि जेवता जेवता सगळं फुकट वाटलं. खरा पोपट कोण?

२४ मार्च, सोमवार

हजेरी. "काही आठवलं?" नाही, साहेब. सही वाकडी आली.

२६ मार्च

आज विचारलं. गॅलरीत, दार लोटून. "दादा, जिना कधी पाहिलास?"

त्याने कठडा धरला. मग म्हणाला, "सात वर्षं चोराचा भाऊ, चोराचा भाऊ. म्हटलं, एकदा होऊनच बघावं."

पोपट घरी आला होता, मी कामावर असताना. ढकललं पोपटाने. दादा मागे वळला तर त्याने हाताला धरून खेचत नेलं. "तिला पाणी तरी देऊ दे म्हणालो रे," म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला. मग मला शिव्या घातल्या. सगळ्या, सात वर्षांच्या.

हव्या होत्या ना? घ्या.

२८ मार्च

इस्पितळात गेलो. ऑपरेशन झालंय. बाईंचा चेहरा उतरलाय, पण आवाज तोच. म्हणाल्या, "त्यातला एक दारातून वळून बघत होता. सराईत नव्हता तो. त्याच्या जिवाला घोर लागला असेल."

मी चादरीकडे बघत विचारलं, "तो आपणहून आला तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांना कळलं. "तर मी साहेबांना सांगेन. कबूल केलं की शिक्षा अर्धी. माझ्या वर्गाचा नियमच होता."

३० मार्च, रविवार

दादा तयार झाला! उद्या हजेरीला दोघं जाणार. पोपटाचं नाव सांगायचं, वस्तू परत करायच्या. बाईंनी शब्द टाकला तर दीड-दोन वर्षांत बाहेर. वहिनीला सगळं सांगितलं.  ती दादाच्या शर्टाला इस्त्री करत बसली, दोनदा.

दुपारभर त्याला आतले धडे दिले. नाडीचे बूट नकोत, काढून घेतात. पहिल्या दिवशी जास्तीचं मागू नकोस. खिडकीजवळची जागा दिली तर घेऊ नकोस, त्या बदल्यात काहीतरी करायला लावतात. मोठ्या भावाला काही शिकवायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली — आणि विषय कोणता, तर हा! दोघंही हसलो. खरंच हसलो.

३१ मार्च, सोमवार

उस्तादांचा फोन आला. बाई पहाटे गेल्या. रक्ताची गुठळी झाली म्हणे, पडल्यामुळेच.

दादा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा आहे. "चल ना, पहिल्याच दिवशी उशीर नको."

त्याला अजून माहीत नाही.