इंग्लंडसाठी बोललेला नवस

मंगळवार, ६ जून १९७८

डोके अजून तापलेले आहे. दुपारी धाकटी बहीण कुसुम महाल पेठेतून रिक्षाने आली ती रडतच. तिचा मुलगा दिलीप इंग्लंडकडून पगार घेऊन रग्बी खेळतो, म्हणजे चेंडू काखेत धरून लोकांच्या अंगावर पडतो. आता म्हणे त्याने देश बदलला. देश काय भाड्याची खोली आहे? शनिवारी तो ऑस्ट्रेलियाकडून खेळणार, तेही इंग्लंडविरुद्ध.

"मग तू का रडतेस?"

"ताई, मी गणपतीले नवस बोलली होती. इंग्लंडले जिंकू दे, एकवीस मोदक देईन."

आमच्या बाबांनी बेचाळीस साली तुरुंगात कण्या खाल्ल्या, आणि त्यांच्या मुलीचे मोदक इंग्लंडसाठी! कॉन्व्हेंटात इंग्रज राजासाठीची प्रार्थना म्हणताना मी नुसते ओठ हलवीत असे.

"अगं, दिलीपचे नाव का नाही घेतलेस?"

"आपल्याच पोराचं मागाले लाज वाटली."

नवस फिरवावा तर देवाला दिलेला शब्द मोडतो. तसाच ठेवावा तर पोरगा हरतो. असल्या खुळांना जन्मभर हसणारी मी, तासभर त्या मोदकांचाच विचार करीत बसले. मीसुद्धा?

शेवटी तिला देवळात घेऊन गेले. कुसुमने हात जोडले आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "देवा, इंग्लंडच जिंकू दे. फक्त माझ्या पोराले लागू नको देऊ."

"अगं, दिलीप हरेल ना," मी हळूच म्हटले.

"हरू दे, ताई. तिसरा देश कोण घेते त्याले? घरीच येईन तो."